एपीचं क्रेडिट आणि ऑनर्सची भेट: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

इतकी मोकळी आणि सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, मनापासून आभार. चार ओळींत उत्तर देण्यासारखी ती नव्हती, म्हणून वेगळं लिहिते आहे. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी सांगते. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की एपीचं, म्हणजे हायस्कूलमध्ये दिलेल्या कॉलेजच्या पातळीच्या परीक्षांचं, क्रेडिट मिळतंय म्हणून सगळंच्या सगळं वापरून टाकू नका, आणि ऑनर्स प्रोग्रामची (निवडक विद्यार्थ्यांसाठीच्या खास अभ्यासक्रमाची) भेट नेहमीच्या कॅम्पस टूरपेक्षा वेगळी ठरवा. तुमचं म्हणणं, हा सल्ला पैसेवाल्यांना परवडणारा आहे. तुमच्या मुलाच्या मे महिन्यापर्यंत आठ एपी होतील, दर परीक्षेला शंभरेक डॉलर गेले, मुलाने रात्री जागवल्या. आता ते क्रेडिट सोडायचं म्हणजे पैसे पाण्यात. तीन वर्षांत डिग्री झाली तर एका वर्षाची फी आणि डॉर्मचा खर्च वाचतो. ऑनर्स म्हणजे नुसता मिरवायचा बिल्ला, आणि टूर तर घरबसल्या व्हिडिओवर दिसते.

पैशांबद्दल तुम्ही म्हणता ते मला पूर्ण मान्य आहे. एक वर्ष वाचणं ही आपल्यासारख्या घरांत फार मोठी गोष्ट आहे आणि त्याला कोणी हलकं लेखू नये. माझा आक्षेप हिशेबाच्या पद्धतीला आहे. आठ एपी म्हणजे तीसेक क्रेडिट्स, डिग्रीला लागतात साधारण एकशे वीस, म्हणजे एक वर्ष कमी, असा सरळ भागाकार आपण करतो. तो बऱ्याच मेजर्सना, म्हणजे डिग्रीच्या मुख्य विषयांना, लागू पडत नाही.

तुमचा मुलगा मेकॅनिकलला जाणार आहे ना? तिथे वर्षं क्रेडिट्सच्या बेरजेवर ठरत नाहीत, एकामागून एक घ्याव्या लागणाऱ्या कोर्सेसवर ठरतात. कॅल्क्युलस झाल्याशिवाय फिजिक्स नाही, फिजिक्स झाल्याशिवाय स्टॅटिक्स नाही, स्टॅटिक्स झाल्याशिवाय डायनॅमिक्स नाही, आणि शेवटच्या वर्षाचा डिझाइन प्रोजेक्ट या सगळ्याच्या नंतर. एपी सायकॉलॉजी आणि ह्युमन जिऑग्राफीची क्रेडिट्स ट्रान्सक्रिप्टवर दिसतील, पण त्यांनी ही रांग एका सेमिस्टरनेही आखूड होत नाही. ती इलेक्टिव्हच्या (ऐच्छिक विषयांच्या) खात्यात जाऊन पडतात, आणि इंजिनीअरिंगमध्ये मोकळी इलेक्टिव्ह असतातच किती? म्हणून किती क्रेडिट्स मिळाली याआधी ती डिग्रीच्या कोणत्या ओळीत बसतात हे विचारा, एवढंच मी पुन्हापुन्हा सांगते आहे.

काही क्रेडिट्स बेलाशक वापरावीत, आणि तुमच्या टेक्ससमध्ये तर तुम्हाला कायद्याचीही साथ आहे. २०१५ साली झालेल्या कायद्यानुसार तिथल्या सरकारी विद्यापीठांना एपीत पाचपैकी ३ किंवा जास्त गुण असतील तर सुरुवातीच्या पातळीच्या कोर्सचं क्रेडिट द्यावं लागतं. जास्त गुण मागायचे असतील तर विद्यापीठाला तसा पुरावा दाखवावा लागतो. शिवाय तिथल्या सरकारी विद्यापीठात प्रत्येकाला अमेरिकेचा इतिहास आणि शासनव्यवस्था हे विषय घ्यावेच लागतात, मेजर कोणतंही असो. त्यामुळे तुमच्या मुलाच्या यूएस हिस्टरीचं क्रेडिट खरोखर कामाचं आहे. ते जरूर वापरा.

कॅल्क बीसीचं (एपी कॅल्क्युलसच्या वरच्या पातळीच्या परीक्षेचं) मात्र गुण बघून ठरवा. ५ असतील आणि त्याला आतून विषय आवडत असेल तर पुढच्या कोर्सला जावं. ३ असताना थेट मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलसला बसवणं मला पटत नाही, क्रेडिट मिळत असलं तरी. एपीच्या क्रेडिटला ग्रेड नसतो, ते जीपीएमध्ये (ग्रेडच्या सरासरीत) धरलं जात नाही. पाया कच्चा असताना घेतलेल्या पुढच्या कोर्सचा ग्रेड मात्र धरला जातो, आणि ऑनर्समध्ये टिकायला व स्कॉलरशिप चालू राहायला जीपीए लागतो.

प्री-मेडवाल्या, म्हणजे मुलांना पुढे मेडिकलला पाठवू पाहणाऱ्या, पालकांनी तर इथे थांबून विचार करावा. अनेक मेडिकल स्कूल्स बायॉलॉजी-केमिस्ट्रीच्या अटीसाठी नुसतं एपी क्रेडिट धरत नाहीत, किंवा त्याच विषयातला वरचा कोर्स मागतात. वापरलेलं क्रेडिट पुढे त्या जागी चालत नाही हे मुलांना फार उशिरा कळतं.

आता ऑनर्स हा मिरवायचा बिल्ला आहे का? काही ठिकाणी असेलही. लवकर रजिस्ट्रेशन आणि चांगला डॉर्म यापलीकडे काही नसेल तर तो सोडून द्यायला मीही सांगेन. पण पेन स्टेटचं श्रायर ऑनर्स कॉलेज घ्या: तिथे थीसिस लिहिल्याशिवाय ऑनर्सची पदवी मिळत नाही. अ‍ॅरिझोना स्टेटच्या बॅरेट ऑनर्स कॉलेजमध्ये पहिल्या वर्षी ‘द ह्युमन इव्हेंट’ हा दोन सेमिस्टरचा चर्चेचा कोर्स असतो. तुमच्याच राज्यात यूटी ऑस्टिनचा (ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठाचा) प्लॅन टू हा ऑनर्स प्रोग्राम १९३५ पासून चालू आहे, आणि त्यात पहिल्या वर्षी जागतिक साहित्याचा कोर्स सगळ्यांना करावाच लागतो. एपी इंग्लिशमध्ये ५ मिळाले म्हणून असले कोर्स टळत नाहीत. ऑनर्सची स्वतःची क्रेडिट्स वेगळी असतात, ती तिथेच बसून मिळवावी लागतात. तीन वर्षांत बाहेर पडायचा बेत असेल तर थीसिससाठी गाइड शोधायचं काम दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच येऊन पडतं, जेव्हा मुलाला आपल्याला नेमकं काय आवडतं हेही ठरवता आलेलं नसतं. तरीही जमवणारी मुलं असतात. पण हे आधी माहीत असायला हवं, आणि त्यासाठीच तर भेट.

व्हिडिओत इमारती दिसतात. टूर देणारा मुलगा उलट चालत लायब्ररी, जिम, डायनिंग हॉल दाखवतो. बिचाऱ्याला तुमच्या मुलाच्या केमिस्ट्रीच्या क्रेडिटचं काय होणार ते माहीत असायचं कारण नाही. आम्ही मुलीबरोबर एका सरकारी विद्यापीठात गेलो तेव्हा ऑनर्सच्या ऑफिसला आधी ईमेल करून वेगळी वेळ मागितली होती. अ‍ॅडव्हायझरबाईंनी मेजरचा चार वर्षांचा तक्ता टेबलावर पसरला, पेन्सिल मुलीच्या हातात दिली आणि म्हणाल्या, ज्या चौकोनात तुझी एपी बसते असं तुला वाटतं तिथे खूण कर. तिने सहा खुणा केल्या. बाईंनी त्यातल्या दोन खोडल्या, कारण ते कोर्स ऑनर्सच्या मुलांना ऑनर्स सेक्शनमध्येच घ्यावे लागत होते. कोणत्याही वेबसाइटवर हे आम्हाला इतकं स्वच्छ दिसलं नव्हतं.

नंतर एका सेमिनारला बसायची परवानगी मिळाली, आणि दुपारी तिथल्याच तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीबरोबर जेवण. माझ्या लेकीने तिला विचारलं, कोणतं एपी क्रेडिट वापरल्याचा पश्चात्ताप होतो? क्षणभरही न थांबता ती म्हणाली, केमिस्ट्री. जनरल केमिस्ट्री टाळून ती थेट ऑरगॅनिकला बसली, आणि बाकीच्यांचा हात लॅबमध्ये वर्षभर बसलेला होता. हे व्हिडिओत कोण सांगणार?

म्हणून भेट सेमिस्टर चालू असतानाच ठेवा, मंगळवार ते गुरुवार धरून. स्प्रिंग ब्रेक आणि उन्हाळा टाळा, कॅम्पस ओस पडलेला असतो.

आणि तारखांचा एक पेच लक्षात ठेवा. बहुतेक ठिकाणी १ मेपर्यंत होकार कळवायचा असतो. एपीच्या परीक्षा मे महिन्यात, गुण जुलैमध्ये. ओरिएंटेशन आणि फॉलचं रजिस्ट्रेशन अनेक विद्यापीठांत जूनमध्येच होतं. म्हणजे बारावीतल्या एपीचे गुण हातात नसतानाच कोर्सेस निवडायचे. गुण आल्यावर सेक्शन बदलता येतो का, तोवर ऑनर्स सेक्शन भरलेले असतात का, हे त्याच भेटीत विचारून घ्या. आणखी एक: गुण पोचले की क्रेडिट आपोआप चढतं, की मुलाने स्वतः मागावं लागतं? यूटी ऑस्टिनमध्ये ते विद्यार्थ्याने क्लेम करायचं असतं, त्यामुळे विचाराला सवड मिळते. सगळीकडे तसं नसतं.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण आपल्यातल्या अनेकांना लागू होणारी एक गोष्ट. मुलं एच-४ वर (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर) असतील आणि ग्रीन कार्ड रांगेत अडकलं असेल, तर एकविसावं वर्ष साधारण कॉलेजच्या तिसऱ्या वर्षात येतं. तेव्हा स्टेटस बदलावं लागतं, आणि इन-स्टेट फीवर त्याचा काय परिणाम होईल हे आधी विचारावं लागतं. एच-४ वरच्या मुलांना पगारी काम करता येत नाही, मग ऑनर्समधली पैसे मिळणारी रिसर्चची जागा कितीही चांगली असली तरी घेता येत नाही. अशा घरांत तीन वर्षांच्या बेताला मी कधीच विरोध करणार नाही. फक्त तो मेजरचा तक्ता समोर ठेवून आखा.

तुम्ही एप्रिलमध्ये ऑस्टिनला जाणार असं लिहिलंय. जाताना विद्यापीठाचा एपीचा तक्ता आणि मेकॅनिकलचा चार वर्षांचा प्लॅन छापून न्या, आणि इंजिनीअरिंगच्या अ‍ॅडव्हायझरची वेळ वेगळी मागा. ऑनर्सवाले आणि मेजरवाले एकाच क्रेडिटबद्दल दोन वेगळी उत्तरं देऊ शकतात. प्रश्न मुलालाच विचारू द्या. कॉलेज सुरू झालं की त्याच्या रेकॉर्डचे हक्क कायद्याने त्याचेच, तेव्हा ऑफिस तुमच्याशी बोलेलच असं नाही. उरलेल्या एपी मे महिन्यात द्यायच्या का, असंही तुम्ही विचारलंत. द्या. पैसे भरून झालेले आहेत, आणि हातात असलेला गुण वापरायचा की नाही हे नंतर ठरवता येतं. भेटीत काय उत्तरं मिळाली ते जरूर लिहा. यंदा ऑस्टिनला जाणाऱ्या बाकीच्यांनाही उपयोग होईल.