‘माझा हिरा बदलला’ या रिव्ह्यूला उत्तर

ताई नमस्कार, दुकानाचा मालक मी स्वतः लिहितोय. तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की १० वर्षांपूर्वी घेतलेली अंगठी आमच्याकडे प्राँग (खडा धरून ठेवणारे धातूचे आकडे) दुरुस्तीला दिली, आणि न्यायला आलात तेव्हा आम्ही म्हणालो हा हिरा नाही, मॉइसनाइट आहे, म्हणजे हिऱ्यासारखा दिसणारा पण वेगळाच खडा. पण विकत घेताना त्या दुसऱ्या दुकानात हिरा तपासायचा टेस्टर लावला तेव्हा हिऱ्याचा बीप आला होता, म्हणजे खडा आम्हीच बदलला, असं तुमचं म्हणणं. चोरीचाच आरोप आहे हा, म्हणून सगळं सविस्तर सांगतो.

आधी आमची चूक. अंगठी घेताना आम्ही फक्त वजन केलं आणि तुम्ही सांगितलंत तसं पावतीवर ‘हिऱ्याची अंगठी’ लिहून मोकळे झालो. तुमच्यासमोरच खडा लूपखाली (सराफाच्या भिंगाखाली) बघायला हवा होता, ते केलं असतं तर ही वेळच आली नसती. त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

पण खडा तोच आहे ताई. तो पेनसारखा टेस्टर फक्त उष्णता किती पटकन वाहून जाते ते बघतो, आणि मॉइसनाइटमध्ये ती जवळपास हिऱ्यासारखीच पळते, म्हणून साधा टेस्टर त्यालाही हिराच म्हणतो. तुम्ही घरी फुंकर मारून बघितलीत आणि वाफ लगेच उडाली, त्याचंही कारण हेच. अमेरिकन डायमंड असता तर साध्या टेस्टरवरही पकडला गेला असता, मॉइसनाइट मात्र भल्याभल्यांना फसवतो. वीज वाहते का तेही बघणारा टेस्टर लागतो, आणि त्याच्यावरही सगळं सोडून चालत नाही, शेवटी डोळ्यांनी बघावंच लागतं.

प्राँग झिजले होते म्हणून खडा काढावा लागला, तेव्हा कारागिराला शंका आली. दहापटीच्या लूपखाली खडा जरा तिरका धरून आत बघितलं की खालच्या पैलूंच्या कडा जोडीजोडीने दिसतात, एका रेषेच्या दोन रेषा. हिऱ्यात असं कधीच होत नाही, अगदी सरळ वरून बघितलं तर मात्र मॉइसनाइटमध्येही ते दिसत नाही, म्हणून निसटतं. मग वजन केलं. ६.५ मिमीचा गोल हिरा साधारण १ कॅरेट भरतो, हा त्याच मापाचा खडा ०.८८ भरला, कारण मॉइसनाइट हिऱ्यापेक्षा थोडा हलका असतो.

आता खडा बदलला नाही हे कशावरून, तर तुमच्याच फोटोवरून. रिव्ह्यूला तुम्ही अंगठीचा जुना फोटो जोडलाय तो झूम करून बघा, एका प्राँगशेजारी काठाला नखाएवढी सुद्धा नाही अशी अर्धगोल खपली उडालेली दिसते. आमच्याकडच्या खड्याला तीच खपली, त्याच जागी आहे.

तुम्ही रागाने अंगठी इथेच ठेवून गेलात, ती आणि खडा दोन्ही तसेच सीलबंद पाकिटात आहेत. घरातलं कुणी किंवा तुमच्या विश्वासातला दुसरा ज्वेलर घेऊन या, लूप तुमच्या हातात देतो, तुमच्यासमोर पाकीट उघडू. नंतर तुम्ही म्हणाल त्या लॅबला पाठवू, फी आम्ही भरू. जिथून घेतली तिथे जायचं असेल तर लॅबचा रिपोर्ट आणि आमचं लेखी निरीक्षण दोन्ही देतो, जुनं बिल तेवढं शोधून ठेवा, त्यावर ‘हिरा’ लिहिलंय की नुसतं ‘स्टोन’ ते आधी बघा.