श्रवणबेळगोळची ती ओळ इ.स. 983 ची नाही

27 फेब्रुवारी जवळ आला की एक फोटो हमखास फिरतो. कर्नाटकातल्या श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायांशी कोरलेलं ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ (म्हणजे ही मूर्ती चावुण्डराय या मंत्र्यानं करवली), आणि खाली मजकूर : ‘मराठीतला पहिला शिलालेख, इ.स. 983. तेव्हा मराठी थेट म्हैसूरपर्यंत राजभाषा होती!’

सालापासून सुरुवात करू. त्या ओळीत साल कोरलेलंच नाही. 983 हे मूर्तीचं साल (तेही कुणी 981 धरतं), ते ओळीला चिकटवलं गेलं. एखाद्या जुन्या वाड्यावर ‘अमक्यानं बांधला’ अशी पाटी असली, म्हणून पाटी वाड्याइतकी जुनी ठरत नाही.

फोटोत बहुतेकदा कापली जाते ती दुसरी ओळ : ‘श्रीगंगराजें सुत्ताले करवियलें’. सुत्ताले म्हणजे मूर्तीभोवतीची ओवरी. हा गंगराज होयसळ राजा विष्णुवर्धनाचा सेनापती, त्याचं हे काम इ.स. 1117 च्या आसपासचं. दोन्ही ओळी नागरीत, अक्षरांचं वळण एकच, क्रियापदही तेच. सव्वाशे-दीडशे वर्षांच्या अंतरानं कोरल्या असत्या तर वळणात फरक दिसला असता. म्हणजे चावुण्डरायाची ओळही गंगराजाच्याच काळात कोरली गेली, हे पुराभिलेखतज्ज्ञांचं म्हणणं मला पटतं.

राजभाषेचा दावा तर तिथल्या दगडावरच पडतो. चावुण्डरायानं मूर्ती करवली ही एकच गोष्ट तिथे कन्नडमध्ये (‘माडिसिदं’) आहे, तमिळमध्येही आहे. तमिळ ओळीत तर लिपीसुद्धा दोन : संस्कृत वळणाच्या नावाला ग्रंथ, तमिळ क्रियापदाला वट्टेळुत्तु. मग त्याच न्यायानं तमिळही राजभाषा म्हणायची का? यात्रेकरू तिन्ही भाषांचे येत असणार, एवढंच यातून निघतं. माझ्या लेखी ते कमी नाही.

राहिला ‘पहिला’ हा शब्द. अलिबागजवळच्या अक्षीच्या लेखात शके 934 म्हणजे इ.स. 1012 वाचतात, त्या वाचनावर वाद आहे. तो लेख बाजूला ठेवला तरी सोलापूरजवळच्या कुडलचा शके 940 (इ.स. 1018) चा लेख आणि दिवेआगरचा शके 982 (इ.स. 1060) चा ताम्रपट उरतातच. दोन्हींवर शक कोरलेला आहे, आणि दोन्ही 1117 च्या आधीचे.