आठ टक्के की साडेतेरा?

केंद्राचा अर्थसंकल्प झाला की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ते रंगीत चक्र येतंच: रुपया असा येतो, रुपया असा जातो. संध्याकाळपर्यंत त्यातली एकेक फाक उचलून व्हॉट्सॲपवर भांडणं सुरू. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पावरचा वाद आमच्या ग्रुपवर अजून अधूनमधून उकरून काढला जातो. एकजण चक्र दाखवतो, संरक्षणाला फक्त ८ पैसे. दुसरा संरक्षण मंत्रालयाचा आकडा काढतो, १३.४५ टक्के. मग कोणीतरी म्हणतंच, "आकडे फिरवतात हो हे लोक."

कोणी काही फिरवलेलं नाही. दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त भागाकार वेगळा आहे.

केंद्राचा त्या वर्षीचा अंदाजित खर्च ५०.६५ लाख कोटी. चक्र मात्र ५०.६५ चं नाहीच. करांतला राज्यांचा वाटा, म्हणजे आणखी १४.२२ लाख कोटी, त्यात धरलेला असतो. म्हणून अख्खं चक्र जवळपास ६५ लाख कोटींचं. शिवाय संरक्षणाच्या फाकेत निवृत्त सैनिकांचं पेन्शन नाही. ते 'पेन्शन' नावाच्या ४ पैशांच्या फाकेत बसलंय, आणि तिथे निम्म्याहून जास्त जागा त्याचीच आहे. पेन्शन आणि मंत्रालयाचा थोडा नागरी खर्च वगळला की भागाकारातला वरचा आकडा, म्हणजे मंत्रालयाची तरतूद, ६.८१ लाख कोटींवरून ४.९२ वर आला, खालचा, म्हणजे एकूण, ५०.६५ वरून ६५ वर गेला. साडेतेराचे आठ व्हायला आणखी काय लागतं?

व्याजाचं तर मला जास्त खटकतं. चक्रात २० पैसे, राज्यांच्या फाकेपेक्षा बारीक, म्हणून नजर घसरून पुढे जाते. पण केंद्राच्या स्वतःच्या खर्चाशी ताडून बघा: १२.७६ लाख कोटी, म्हणजे चार रुपयांतला एक. घरात पगाराचा हिशेब करताना भावाला द्यायचे पैसे आपल्या खर्चात धरले, तर कर्जाचा हप्ताही असाच हलका वाटेल.

तसंच राज्यांचं. "४१ टक्के द्यायचे ठरलेत आणि चक्रात २२ च कसे?" ४१ हे केंद्र-राज्यांतली करांची वाटणी सुचवणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाने सांगितलेलं प्रमाण, तेही फक्त वाटून घ्यायच्या करांचं. सेस आणि अधिभार, म्हणजे राज्यांना न वाटता केंद्र स्वतःकडे ठेवतं ते जादा कर, त्यातून आधीच बाजूला काढलेले. २२ टक्के आहेत ते अख्ख्या चक्राचे, ज्यात २४ पैसे कर्जाऊ आणलेले आहेत. सेस वाढवत नेला की राज्यांचा वाटा कसा आक्रसतो, यावर भांडा की! तो वाद खरा आहे.

दहावीत वृत्तालेख, म्हणजे असंच चक्र, शिकताना ८ टक्क्यांचा केंद्रीय कोन २८.८ अंश, हे मुलं चटकन काढतात. एकूण किती ते गणितात दिलेलंच असतं, त्यामुळे "कशाचे ८ टक्के?" असं विचारायची वेळच येत नाही. पेपरवाल्यांनी चक्राखाली एकूण रक्कम एका ओळीत छापली तरी निम्मे वाद मिटतील. इथे एक पैसा म्हणजे सुमारे ६५ हजार कोटी. पीएम-किसानची वर्षाची सगळी तरतूद, ६३,५०० कोटी, त्या एका पैशात मावते.

आणि हो, शिक्षणाची फाक शोधणाऱ्यांसाठी: ती नाहीच. समग्र शिक्षा ही शालेय शिक्षणाची योजना 'केंद्र पुरस्कृत योजनां'च्या ८ पैशांत मिसळलेली आहे, आणि जिल्हा परिषद शाळांतल्या गुरुजींचा पगार मुख्यतः राज्याच्या अर्थसंकल्पातून निघतो. तो मार्चमध्ये मुंबईत मांडतात. त्यावर आमच्या ग्रुपमध्ये आजवर कोणी अवाक्षर काढलेलं नाही.