चालतंय, हात लावू नका

नाशिकच्या अंबडला आमची छोटी कंपनी आहे, मशीनचे कंट्रोल पॅनल बनवतो, आणि त्या पॅनलमधले प्रोग्रॅम सांभाळायचं काम माझ्याकडे आहे. सांभाळायचं म्हणजे शोधायचं. ड्राइव्हवर 'सॉफ्टवेअर' नावाचं फोल्डर, त्यात 'सॉफ्टवेअर नवीन', त्याच्या पोटात 'जुनं पण लागतं', आणि तिथे एक फाइल आहे 'सिन्नर चालतंय हात लावू नका'. सिन्नरला आमचे कस्टमर बरेच, त्यातलं नेमकं कोणाचं चालतंय ते काही लिहिलेलं नाही. शेजारीच त्याच नावाची दुसरी फाइल, कारण गुगल ड्राइव्ह एकाच फोल्डरमध्ये सेम नावाच्या दोन फाइली सुखाने नांदू देतं. दोघींच्या साइजमध्ये चार केबीचा फरक. त्या चार केबीत काय आहे हे ज्या पोराला माहीत होतं तो जॉब सोडून पुण्याला गेला, आणि आता फोन उचलत नाही.

मग कस्टमरचा फोन येतो, लाइन बंद आहे, लगेच प्रोग्रॅम पाठवा. मी विचारतो, साहेब, तुमच्याकडे व्हर्जन कोणतं आहे? तर म्हणतात, "ते हिरवं बटण वरती आहे ना, ते."

आता ते हिरव्या बटणवालं सापडलं तरी पाठवायचं कसं? जीमेल ईएक्सई, म्हणजे थेट चालणारी प्रोग्रॅम फाइल घेत नाही, झिप केली तरी आत डोकावून बघतं. म्हणून आमचा सर्व्हिसवाला व्हॉट्सॲपवर टाकतो, कस्टमर ती डाउनलोड करतो, परत डाउनलोड करतो, नावापुढे कंसात एक, कंसात दोन येतं आणि पुढच्या वेळी तोच मला विचारतो, "यातलं कोणतं टाकू?"

शेवटी सरांकडे गेलो. म्हटलं सर, सॉफ्टवेअर ठेवायला वेगळी रिपॉझिटरी असते, म्हणजे व्हर्जनवार जपून ठेवायचं कोठार, त्याचे तयार प्रोग्रॅम मिळतात, नेक्सस म्हणा, आर्टिफॅक्टरी म्हणा. "ड्राइव्ह फुकट आहे की रे," सर म्हणाले. म्हटलं सर, ड्राइव्ह कोटेशनसाठी झकास आहे, पाच जण एकाच वेळी रेट खोडतात, कोणाचं बिघडत नाही. पण प्रोग्रॅम एकदा टेस्ट होऊन बाहेर पडला की तो कोणी बदलता कामा नये. रिपॉझिटरीत 2.4.1 व्हर्जन एकदा चढवलं की त्याच नंबरने दुसरं चढूच देत नाही, असं सेटिंग असतं. प्रत्येक फाइलचा चेकसम निघतो, म्हणजे फाइलच्या अंगठ्याच्या ठशासारखा कोड, शा-256 वाला, 64 अक्षरी, आत एक बिट हललं तरी अख्खा बदलतो. आपल्या नाशिकरोडला 1928 पासून नोटा छापतात, दोन नोटांवर एकच नंबर आला तर चालेल का?

हे सरांना पटलं. मग मी जोशात येऊन लेफ्ट-पॅडची गोष्ट काढली. 2016 साली एका माणसाने लेफ्ट-पॅड नावाचा आपला 11 ओळींचा कोड एनपीएमवरून, म्हणजे जावास्क्रिप्ट कोडच्या सार्वजनिक कोठारातून, काढून घेतला आणि त्यावर अवलंबून असलेल्या जगभरच्या लोकांचे बिल्ड, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम तयार करायचं काम, धडाधड पडले. रिपॉझिटरी असली की बाहेरून आणलेल्या गोष्टींची एक कॉपी आपल्याकडे राहते, हे मला सांगायचं होतं, पण सर म्हणाले, "11 ओळी? मग आपण लिहून घेऊ की, दुपारपर्यंत होईल ना तुझ्याकडून?"

असो. नेक्ससची फुकटवाली आवृत्ती मंजूर झाली, सर्व्हर म्हणून अकाउंट्सचा जुना पीसी मिळाला. इन्स्टॉल करणं सोपं होतं हो. खरी कटकट म्हणजे जुनी प्रत्येक फाइल चढवताना कस्टमर कोण, पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) कोणता, टेस्ट कोणी केलं, लायसन्स कोणाच्या नावावर हे सगळं भरायचं, आणि ते सर्व्हिसवाल्याशिवाय कोणाला माहीत नाही. त्याला समोर बसवलं, चहा दिला, विचारलं, भाऊ, मुसळगावच्या प्लँटला कोणतं व्हर्जन टाकलंस?

"मशीन चालू आहे ना?"

"आहे."

"मग लिही ना तेच."