उत्क्रांती मानायला देव सोडावा लागत नाही

‘उत्क्रांती खरी असेल तर बायबलमधला देव खोटा. म्हणूनच चर्चने पहिल्या दिवसापासून डार्विनला विरोध केला, आणि मरताना डार्विननेही माघार घेतली.’ हा मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. त्यातली पहिली ओळ नास्तिकांना आवडते, शेवटची कट्टर श्रद्धाळूंना.

माघारीची गोष्ट आधी निकालात काढू. डार्विन वारला १८८२ साली. लेडी होप या बाईंची ती कथा छापून आली १९१५ मध्ये. अखेरच्या आजारात वडिलांजवळ असलेल्या हेन्रिएटाने १९२२ मध्ये ती जाहीरपणे खोडून काढली.

आता चर्चचा विरोध. १८६० मध्ये ऑक्सफर्डला बिशप विल्बरफोर्स डार्विनवर तुटून पडले, हे खरंच. पण १८५९ च्या नोव्हेंबरात डार्विनचं ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हे उत्क्रांतीवरचं पुस्तक बाजारात येण्याआधीच चार्ल्स किंग्जली या अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) धर्मगुरूने डार्विनला कौतुकाचं पत्र पाठवलं होतं. त्यातला विचार डार्विनने दुसऱ्या आवृत्तीत घेतला. अमेरिकेत डार्विनची बाजू हिरिरीने लढवली ती हार्वर्डच्या एसा ग्रे या वनस्पतिशास्त्रज्ञाने, आणि तो श्रद्धावान प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंट ख्रिस्ती, होता. व्हॅटिकनने हे पुस्तक बंदीच्या यादीत कधीच टाकलं नाही. १९९६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी तर उत्क्रांती निव्वळ गृहीतक राहिलेली नाही, असं सांगितलं. आत्मा मात्र थेट देवाकडून येतो, ही अट कायम ठेवून.

राहिला मूळ दावा. उत्क्रांतीशी टक्कर होते ती देवाने सहा दिवसांत जग घडवलं या बायबलमधल्या कथेच्या शब्दशः वाचनाची. ही कथा सांगणाऱ्या बायबलच्या पहिल्या, उत्पत्तीच्या पुस्तकात सूर्य चौथ्या दिवशी येतो. मग आधीचे तीन दिवस कसले, हा प्रश्न संत ऑगस्टीनलाही पडला होता, डार्विनच्या चौदाशे वर्षं आधी. स्वतःला अज्ञेयवादी (देव आहे की नाही हे कळू शकत नाही असं मानणारा) म्हणवणाऱ्या डार्विनने १८७९ च्या एका पत्रात लिहिलं, की माणूस उत्कट आस्तिक आणि उत्क्रांतिवादी असू शकतो याबद्दल शंका घेणंच चुकीचं आहे. उदाहरणं दिली ती किंग्जली आणि ग्रे यांचीच.

श्रद्धेपुढची खरी अडचण वेगळी आहे. जिवंत अळीला आतून खाणाऱ्या गांधीलमाश्या दयाळू देवाने मुद्दाम घडवल्या असतील, हे डार्विनला पटेना. १८६० मध्ये त्याने हे ग्रेलाच लिहिलं. ग्रेची श्रद्धा तरीही टिकली, डार्विनची विरत गेली. निरपराधांच्या वेदनेचा हा प्रश्न बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकातही आहे, आणि तो जीवाश्मांनी उभा केलेला नाही.