सहलीतले पॉइंट कमी करा हो!

आज मधल्या सुटीत सहलीची मीटिंग झाली. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र नक्की झालं, तिथवर मी खूश होते. मग खडू दुसऱ्यांच्या हातात गेला आणि फळ्यावर यादी वाढायला लागली. राणीची बाग. गेटवे. 'येताना सिद्धिविनायक, रस्त्यातच आहे.' 'मग जुहूलाच जेवण करू.' सहावं नाव यायच्या आत घंटा झाली म्हणून वाचलो.

तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय, म्हणून इथे लिहितेय. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मी पेण तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. एकोणीस वर्षं झाली. विज्ञान केंद्राची पहिली सहल नेली तेव्हा मी नवी होते आणि वरिष्ठांनी आखलेला कार्यक्रम हातात घेऊन निघाले होते. पाच पॉइंट. पहाटे पाचला एसटी सुटली, खारपाड्याच्या आत तिघांना उलट्या, वाशीच्या पुलावर सगळे खिडकीला. विज्ञान केंद्राच्या वाट्याला कागदावर दीड तास होता, प्रत्यक्षात पन्नास मिनिटं मिळाली. त्या पन्नास मिनिटांत मी काय केलं? शिट्टी फुंकली. 'लाइन सोडू नका', 'हात लावू नका', 'चला, पुढे चला'. जिथं हात लावण्यासाठीच माणसं जातात, तिथं मी बावन्न मुलांना हात लावू नका म्हणत फिरवलं! दुसऱ्या दिवशी वर्गात सहलीवर निबंध लिहायला दिला. एकीनं लिहिलं होतं, 'तिथे आरसे होते. नंतर आम्ही वडापाव खाल्ला.' पुढच्या दहा ओळी वडापावाचं वर्णन. मुलीचं काही चुकलं नव्हतं. वडापाव तिला सावकाश खायला मिळाला होता.

तर माझं म्हणणं एवढंच आहे: हात लावून बघायच्या जागी सहल न्यायची असेल तर त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका. गेटवे नको, देऊळ नको, चौपाटी नको. सकाळी आत जायचं आणि मुलं कंटाळेपर्यंत राहायचं. खरं तर कंटाळल्यावरही अर्धा तास राहायचं, कारण खरं बघणं तिथून सुरू होतं.

हे मी हवेत बोलत नाही. सहा वर्षांपूर्वी असा योग जमून आला, तोही आमच्या हुशारीनं नाही. विज्ञान केंद्रातून बारा वाजता निघायचं होतं आणि गाडीचं काहीतरी बिघडलं. ड्रायव्हरदादा म्हणाले, तीन वाजेपर्यंत धरून चाला. आमचे सर हताश होऊन बाकावर बसले. मुलं मोकळी सुटली.

बाहेरच्या आवारात वाफेचं इंजिन आहे, जुनी ट्राम आहे, मरुत लढाऊ विमान आहे. सकाळी मुलं विमानाकडे धावली होती, फोटो काढून परत आली होती. दुपारी दुसऱ्यांदा गेली तेव्हा चारपाच जणांचा घोळका ट्रामपाशी थांबला. मुंबईची शेवटची ट्राम १९६४ च्या ३१ मार्चला धावली, त्यामुळे यांच्या आईबापांनीसुद्धा ती चालताना पाहिलेली नाही. बराच वेळ सगळे ट्रामच्या पुढच्या भागाकडे बघत होते. मग एकानं विचारलं, 'बाई, हिचं स्टेअरिंग कुठंय?' मी उत्तर देणार होते, तेवढ्यात दुसऱ्यानं वाकून चाकं बघितली आणि म्हणाला, 'रुळावर चालते ना रे, वळवायची कशाला?' त्यावर तिसरा लगेच वाफेच्या इंजिनाकडे पळाला, त्याला तरी स्टेअरिंग आहे का बघायला. मी तोंड बंद ठेवलं, याचा मला आजही अभिमान आहे. शिक्षकाला हे फार अवघड जातं.

आत अंतर्गोल आरशासमोर आमच्या नववीतली एक मुलगी पुढेमागे, पुढेमागे करत होती. लांबून उलटी दिसायची, जवळ गेली की सुलटी आणि मोठ्ठी. मधे एक जागा अशी येते की सगळं पुसट होतं, चेहराच सापडत नाही. तिला नेमकी तीच जागा पकडायची होती. चपलेनं फरशीवर खूण केली, मैत्रिणीला तिथं उभं केलं, 'तुझं कुठं होतं बघ' म्हणाली. हे वक्रता केंद्र, ही वक्रता त्रिज्या, असं मी फळ्यावर किती वेळा काढलंय त्याचा हिशोब नाही. तिनं ते चपलेनं काढलं.

आणि आता जे सांगायचंय त्यासाठीच ही पोस्ट लिहितेय.

एका ठिकाणी भिंतीत चेहरा होता. तुम्ही डावीकडे गेलात की तो डावीकडे बघतो, उजवीकडे गेलात की उजवीकडे. मुलं किंचाळत इकडून तिकडे पळत होती. आमच्या वर्गातला एक मुलगा (नाव लिहीत नाही, तो आता मोठा झालाय, इथं असेलही) शांत उभा होता. वर्गात हा शेवटच्या बाकावर, उत्तर विचारलं तर जमिनीकडे बघणार. घरी गणपतीचा कारखाना. पेणला हे वेगळं सांगायला नको. आमची निम्मी मुलं सुटीत कारखान्यात हात काळेपांढरे करून येतात, आणि याचा बाप मूर्तीच्या डोळ्यांच्या आखणीसाठी ओळखला जाणारा.

तो म्हणाला, 'बाई, हा साचा आहे.'

बाकीचे हसले. 'नाक बाहेर आलंय, दिसत नाही का?' तो म्हणाला, 'नाही आलेलं. आत गेलंय. एक डोळा झाकू नका, दोन्ही डोळ्यांनी एकदम जवळून बघा.' सगळे काचेला नाकं लावून बघायला लागले आणि एकेकाचा 'अरे हो!' निघाला. मग हा सांगायला लागला, न थांबता, इतकी वाक्यं मी त्याच्या तोंडून तीन वर्षांत ऐकली नव्हती. घरी साचा भिंतीला टेकवून ठेवला की तो माणसाकडे बघतो. लहानपणी रात्री त्याला त्याची भीती वाटायची. काकांनी एकदा त्याचा हात धरून आत घालायला लावला. 'हात घातला तेव्हा कळलं. पण बाई, कळलं तरी लांबून दिसतं बाहेरच!'

याच्यापुढे मी काय शिकवणार होते? आपल्या मेंदूनं जन्मभर नाक बाहेर आलेलेच चेहरे पाहिले, म्हणून खोलगट चेहरासुद्धा तो फुगवूनच दाखवतो, आणि एकदा आतलं बाहेर मानलं की आपण हललो तसा चेहरा वळल्यासारखा वाटतो. माहीत असलं तरी हा भास जात नाही, हे त्या पोरानं माझ्या आधी सांगून टाकलं होतं. मी फक्त 'बरोबर' म्हणाले. परतीच्या गाडीत तो खिडकीशी नव्हता, मधल्या सीटवर चौघांच्या घोळक्यात होता.

गाडी वेळेवर आली असती तर आम्ही तेव्हा गेटवेला कबुतरांबरोबर फोटो काढत असतो.

मीटिंगमध्ये मुख्याध्यापक सरांचा मुद्दा असतो, 'बाई, ही मुलं पुन्हा कधी मुंबई बघणार? एवढं भाडं भरतात पालक, एकच ठिकाण दाखवून आणायचं?' मुद्दा खोटा नाही. आमच्याकडे अशी मुलं आहेत ज्यांच्यासाठी सहल हीच वर्षातली एकमेव बाहेरगावची फेरी असते. शालेय सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळते तरी काही घरांना ते निम्मंही जड जातं, आणि जे मूल 'मला नाही यायचं, गाडी लागते' म्हणतं त्याला नेहमी गाडीच लागत असते असं नाही. (अशांचे पैसे शिक्षकांनी गुपचूप भरावेत. वर्गात विचारू नये. आमच्याकडे हे चालतं, बाकी यावर जास्त लिहीत नाही.) पण गेटवे बसच्या खिडकीतून दाखवला तरी दिसतो. अंतर्गोल आरसा खिडकीतून दिसत नाही.

ही कल्पना काही माझी नवी नाही. ब्रुकलिनला १८९९ मध्ये खास मुलांसाठी संग्रहालय निघालं, त्या प्रकारचं जगातलं पहिलं. सॅन फ्रान्सिस्कोचं एक्स्प्लोरेटोरियम १९६९ मध्ये फ्रँक ओपेनहायमरनं काढलं. अणुबॉम्बवाल्या रॉबर्टचा हा धाकटा भाऊ, स्वतः भौतिकशास्त्रज्ञ. जुन्या कम्युनिस्ट संबंधांपायी विद्यापीठातली नोकरी गेली, मग कोलोरॅडोत गुरं पाळली आणि तिथल्या गावच्या शाळेत विज्ञान शिकवलं. गावच्या शाळेत शिकवून झाल्यावर त्याला असं संग्रहालय सुचलं, हे मला फार आवडतं. आपल्याकडे वरळीला १९७९ मध्ये आधी बाहेरचं विज्ञान उद्यान सुरू झालं आणि १९८५ च्या नोव्हेंबरमध्ये राजीव गांधींच्या हस्ते पूर्ण केंद्र. नागपूरला रमण विज्ञान केंद्र आहे. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारात पु. लं.च्या प्रतिष्ठानच्या देणगीतून उभी राहिलेली मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, जिथं टाकाऊतून खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्वट्यूबमधून पोरांना भूमिती शिकवली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही २०१९ पासून मुलांचं वेगळं संग्रहालय आहे. जागा आहेत. आपण तिथं थांबत नाही.

आता ज्या शिक्षकांना यंदा न्यायचंय त्यांच्यासाठी, माझ्या चुकांमधून.

आधी एकट्यानं जाऊन या. रविवारी, स्वतःच्या खर्चानं, घरच्यांना घेऊन. प्रदर्शनं बघायला नाही. मुलींचं स्वच्छतागृह कुठं, डबा कुठं बसून खाऊ देतात, गाडी कुठं उभी राहते आणि कुठला हॉल अकरा वाजता तुंबतो, हे बघायला. शाळांची गर्दी सगळी एकाच वेळी येते आणि एकाच क्रमानं फिरते. तुम्ही शेवटच्या हॉलपासून उलटे सुरू झालात तर निम्मा दिवस जागा मोकळी मिळते. गटाची नोंदणी आधी करून ठेवा, तारांगणासारखे वेळ ठरलेले खेळ असतील तर त्यातला एकच घ्या, नाहीतर सगळा दिवस त्या तिकिटाभोवती फिरतो.

दहा मुलांमागे एक मोठं माणूस, याहून जास्त नको. हजेरी क्रमांकानं गट पाडू नका, कोण कोणाबरोबर खुलतं ते तुम्हाला माहीत असतं. २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात सहलीची चौदा मुलं बुडून गेली, त्यानंतर परवानग्या आणि हमीपत्रं वाढली. तो कागदांचा गठ्ठा मला कटकट वाटत नाही. पण कागद पूर्ण आणि माणसं अपुरी असं होऊ देऊ नका. पालक बरोबर आले तर उत्तमच. त्यांना एकच गोष्ट बजावायची: बटण तुम्ही दाबायचं नाही आणि उत्तर तुम्ही सांगायचं नाही. बाबा लोकांना हे विशेष कठीण जातं.

मुलं बटण दाबतात आणि काय होतंय ते न बघता पुढच्या बटणाकडे पळतात, हा सगळीकडचा अनुभव. त्यावर मी जोड्या लावते. एकानं करायचं, दुसऱ्यानं बघून सांगायचं, मग अदलाबदल. वह्या मात्र घरी. वही दिली की मुलं खाली बसून पाटीवरचा मजकूर उतरवून काढतात, आणि पाटीच्या मागे ती वस्तू बिचारी एकटी असते.

जायच्या आदल्या दिवशी वर्गात सगळ्यांना घरून स्टीलचा चमचा आणायला सांगते. आतल्या बाजूला आपण उलटे, मागच्या बाजूला सुलटे. बोटाचं टोक आतून अगदी टेकवत नेलं की तेही सुलटं होतं. एवढंच, समजावत काही नाही. वरळीच्या आरशासमोर चमचा आठवला तर आठवला.

परत आल्यावर निबंध नाही. मी विचारते, 'तिथं काय कळलं नाही?' त्याचे कागद मात्र जपून ठेवलेत.

उद्या सरांशी परत बोलणार आहे. सिद्धिविनायक बहुतेक राहील, त्याला माझा इलाज नाही. बाप्पाचं नाव पेणमध्ये फळ्यावरून पुसायचं म्हणजे अवघडच. पण गेटवे, जुहू आणि राणीची बाग मी पुसणार. रविवारी पूर्वपाहणीला वरळीला जातेय. कोणी इतक्यात जाऊन आलं असेल तर कुठला हॉल दुरुस्तीसाठी बंद आहे आणि डबा खायला सावली कुठं आहे, तेवढं खाली सांगा.