नेरीसचं नाव बदललं, म्हणून प्राणिशास्त्र खोटं ठरत नाही

कोल्हापुरात बी.एस्सी.च्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: "समुद्रातल्या केसाळ कृमींची नावं शास्त्रज्ञ मनाला येईल तशी बदलतात. कंसातलं नाव म्हणजे वादातलं नाव. त्यांचा पॉलिकीटा वर्ग रद्द झालाय. आणि कोल्हापूरला समुद्रच नाही, मग हे शिकायचं कशाला?" परीक्षेच्या तोंडावर मुलं हे खरं मानू लागलीत, म्हणून हे उत्तर.

"मनाला येईल तशी" हे साफ चूक. प्राण्यांच्या नावांना आंतरराष्ट्रीय संहिता आहे. आधी रीतसर प्रसिद्ध झालेलं नाव सामान्यतः ग्राह्य धरतात. आवडलं नाही म्हणून ते बदलता येत नाही. नेरीस व्हायरेन्स या समुद्री कृमीचं नाव अलिटा व्हायरेन्स झालं, त्यात प्रजाती, म्हणजे नावातला पहिला शब्द, बदलली, 'व्हायरेन्स' तिथेच राहिलं. प्रयोगशाळेतल्या बरणीवर जुनं नाव असेल तर ते खोडू नका, शेजारी नवं लिहा.

शास्त्रीय नावापुढे कधीकधी कंसात वर्णन करणाऱ्याचं नाव आणि वर्ष येतं; त्या कंसाबद्दलचा गैरसमज तर परीक्षेत हमखास गुण घालवतो. किनाऱ्याच्या वाळूत बीळ करून राहणाऱ्या एका कृमीला लिनियस या शास्त्रज्ञाने १७५८ मध्ये गांडुळाच्याच प्रजातीत टाकलं: लुम्ब्रिकस मरिनस. लामार्कने १८०१ मध्ये अरेनिकोला ही प्रजाती केली. आज आपण लिहितो अरेनिकोला मरिना (लिनियस, १७५८); नव्या प्रजातीच्या लिंगाप्रमाणे शेवटचं अक्षर तेवढं बदललं. कंस एवढंच सांगतो की वर्णन लिनियसचं, पण तेव्हाची प्रजाती वेगळी. ॲफ्रोडिटा ॲक्युलिआटा मात्र लिनियसने ठेवलं त्याच प्रजातीत आहे, म्हणून तिथे 'लिनियस, १७५८' कंसाशिवाय येतं. एका कंसात एवढा इतिहास मावतो, आणि त्यालाच वाद म्हणायचं?

पॉलिकीटाच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण अर्धंच. ग्रूबे या प्राणिशास्त्रज्ञाने १८५० मध्ये हे नाव दिलं. पुढे डीएनएच्या अभ्यासातून दिसलं की गांडूळ आणि जळू यांची फांदी पॉलिकीटांच्याच झाडातून फुटलीय. त्यांना वगळून केलेला वर्ग अपुरा ठरतो, म्हणून अनेक अभ्यासक तो जुन्या अर्थाने मानत नाहीत. प्राणी कुठेही गेलेले नाहीत. गॅलापागोसजवळ १९७७ मध्ये खोल समुद्रातल्या उष्ण झऱ्यांपाशी नळीत राहणारे प्रचंड कृमी सापडले. १९८१ मध्ये त्यांना रिफ्टिया नाव मिळालं, १९८५ मध्ये तर स्वतंत्र संघाचा, म्हणजे प्राण्यांच्या एका मुख्य गटाचा, दर्जा. पण त्यांच्या शेपटाकडच्या टोकाला वलयं आहेत, दृढरोम म्हणजे ताठ बारीक केस आहेत! जनुकांनीही तेच सांगितलं, आणि संघाचं पद सोडून ते गांडुळांच्याच वलयी संघातल्या एका कुळात आले. पुरावा मिळाल्यावर इतका मोठा दर्जा काढून घेणारं शास्त्र मला तरी भरवशाचं वाटतं.

राहिला कोल्हापूरला समुद्र नसण्याचा मुद्दा. हे प्राणी पाहायला समुद्रच लागतो असं नाही. शिरोळच्या उसातलं गांडूळ हातात घ्या, पोटाच्या बाजूने बोट मागेपुढे फिरवा. बारीक खरखर लागते, तेच दृढरोम. पावसाळ्यात दाजीपूरला पायाला चिकटणाऱ्या जळवेत ते उरलेले नाहीत, तरी तीही याच घराण्यातली.